तीनशे सत्त्याऐंशीवा

डिसेंबरात गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबच्या काचा
आतून धुरकटतात.
बर्फातून काढलेली नळी मी बोटात धरून बघते:
पाण्यासारखी, निरंग.
आत वाटाण्याच्या कोंबातलं एक एन्झाइम,
यीस्टकडून करवून घेतलेलं,
त्याला तांब्याचा कणही न दाखवता.

तौसीफ विचारतो, "मॅडम, मदतनीस कुठला घालू?
बी-सहा? बी-दोन?"
बरोबर आहे त्याचं. बरीच एन्झाइमं
शेजारणीकडून विरजण आणावं तसं
कुठल्यातरी जीवनसत्त्वातून चमचाभर मागून आणतात,
मग कामाला लागतात.
हे मागत नाही.
"तांबं दे फक्त," मी म्हणते, "आणि झाकण उघडं ठेव."

तांबं माझ्यासाठी बाटलीतलं निळं मीठ नाही.
तांबट लेनमध्ये शाळेची कविता मी
हातोड्यांच्या मधल्या फटीत पाठ केली.
अजून कुणी हळू बोललं की मला
काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

तीन हिस्टिडिन तांब्याला सांडशीत धरतात.
जवळच साखळीतला
तीनशे सत्त्याऐंशीवा, टायरोसिन.
त्याच घडणीचे त्याच साखळीत आणखी कितीतरी,
त्यांना काही होत नाही.
हवेतला ऑक्सिजन येतो
आणि ह्याच्याच कड्यावर मठार पडू लागतो.
"पण बदलतं कोण त्याला? कुठलं एन्झाइम?"
कुणीच नाही, तौसीफ.
घरचाच आहे तो. घरातच घडतो.

कारागीर सोडून गेले
त्या वर्षी अण्णांना ऐकू येईनासं झालं.
बाहेरून माणूस आणायला पैसे नव्हते.
आम्ही चौघी बहिणी, एका आईच्या, एका ताटातल्या.
भट्टीच्या सगळ्यात जवळ कुमुद बसायची,
थंडी वाजते म्हणून.
एवढंच कारण.
एका सकाळी तिनं हातोडा उचलला
आणि आम्ही तिघी डबे घेऊन शाळेत गेलो.

सहाव्या मिनिटाला मला शंका येते.
विसाव्या मिनिटाला तौसीफलाही दिसतं:
उन्हाळ कांद्याची अगदी आतली साल,
तेवढा गुलाबी.
कडं आता क्विनोन झालंय,
जागच्या जागी वळून बसलंय, तोंड दाराकडे.
आता त्या कुजक्या नावाच्या अमाइनला आत घ्या,
ते मोडून द्या,
अमोनिया इकडे, पेरॉक्साइड तिकडे,
म्हणजे अंधारातल्या कोंबाची भिंत
घट्ट होईल, कोंब ताठ उभा राहील.
पुन्हा पुढचं अमाइन. पुन्हा.
पगार नाही, सुट्टी नाही.
वहीत मी लिहिते: रंग आला, ११.४०.

रविवारी कुमुदला मोबाइलवर फोटो दाखवला.
तिचा अंगठा बाहेर वळलेला आहे,
तिशीतच वळला, आता सरळ होत नाही.
त्यानंच ती फोटो मोठा करून बघते.
"हा बदललेला कोणता?"
दिसत नाही गं, नुसता रंग दिसतो.
"मग बाकीचे?"
बाकीचे आहेत तसेच. त्यांनी त्याला धरून ठेवलंय.
"धरून ठेवलंय," ती म्हणते, आणि बघत राहते माझ्याकडे
जरा जास्तच वेळ.

"परत होतो का तो पहिल्यासारखा?"
नाही.

बाहेर कुणीतरी बंबाची किंमत विचारतंय.
तिनं फोन पालथा ठेवला, अर्धी झालेली घागर
मांडीशी ओढली,
पहिला ठोका घातला, दुसरा घातला,
आणि त्या आवाजावरून ओरडून म्हणाली,
"सांग त्याला, झोपताना मनगटाला
तिळाचं तेल लाव म्हणावं. कोमट करून."